माणसांमागची पवनचक्की: जुने कौटुंबिक फोटो वाचायचे कसे, जपायचे कसे

जुन्या अल्बममधून असा एखादा फोटो निघतो. पुढे पाच-सहा माणसं, अंगावर ठेवणीतले कपडे, एक लहान मूल ऐनवेळी हललं म्हणून पुसट आलेलं. मागे पवनचक्की, तीही अर्धीमुर्धी. एक पातं फोटोच्या कडेबाहेर गेलेलं. पाठीमागे एक अक्षर लिहिलेलं नाही. घरातले सगळे चेहरे बघतात, नाक कोणाचं कोणावर गेलंय याची चर्चा होते आणि मग कोणीतरी फोटो स्कॅन करून माणसांभोवती कापतं. चक्की जाते आणि तिच्याबरोबर त्या फोटोचा पत्ता आणि तारीखही जाते.

म्हणून अशा फोटोत आधी चक्की वाचा, माणसं नंतर. चेहरा ओळखायला त्याला ओळखणारं कोणीतरी हयात लागतं. चक्की मात्र तिला कधीही न पाहिलेला माणूससुद्धा ओळखू शकतो, कारण तिचा आकार, टोपी, पात्यांची संख्या, बाजूची घरं यांची नोंद नकाशात, पोस्टकार्डांवर, संग्रहांत कुठे ना कुठे असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एकट्या नेदरलँड्समध्ये सुमारे १०,००० चक्क्या होत्या. आज उरल्यात जेमतेम १,२००. वाफ आली, मग डिझेल आणि वीज आली, चक्क्या एकेक करून बंद पडल्या, जळाल्या, पाडल्या गेल्या. तुमच्या फोटोतली चक्की आज जागेवर नसण्याची शक्यताच जास्त आहे आणि म्हणूनच तो फोटो फक्त घरापुरता राहत नाही.

पहिली पायरी: हात लावण्याआधी

अल्बम मिळाला की पानं मोकळी करायची घाई नको. आधी प्रत्येक पानाचा, आहे तसा, मोबाईलने फोटो घ्या. कोणता फोटो कोणाच्या शेजारी होता हीदेखील माहिती आहे. त्याच सहलीचे चार फोटो बहुतेक वेळा एकाच पानावर असतात आणि चौघांतल्या एकावर गावाचं नाव सापडतं.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. प्रिंट कडेने धरा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोखालून हळूहळू सरकवला तर पुष्कळदा सुटतो. सुटला नाही तर राहू द्या, पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

निगेटिव्ह असतील तर इथे थांबून नीट बघा. कडेला ‘सेफ्टी’ असं इंग्रजी अक्षरांत छापलेलं असेल तर काळजी कमी. छापलेलं नसेल आणि फिल्म १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल, तर ती नायट्रेट फिल्म असू शकते. ती सहज पेट घेते. पिवळट-तपकिरी पडलेली, चिकट झालेली, उग्र वास येणारी फिल्म स्कॅनरवर ठेवू नका, बंद डब्यात कोंडू नका, उन्हापासून आणि उष्णतेपासून लांब ठेवा आणि फोटोसंवर्धन करणाऱ्या जाणकाराला विचारा. व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म वेगळी. ती ॲसिटेटची, आगीचा धोका नाही, पण ती खराब होत चालली आहे. तिचं स्कॅनिंग पहिल्या नंबरावर घ्या.

दुसरी पायरी: उलटून बघा

फोटो कशावर छापलाय यावरून तारखेचा पहिला अंदाज येतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण सहा बाय नऊ सेंटिमीटरचा छोटा फोटो ‘कार्ट द व्हिझीत’ प्रकारचा. फ्रेंच छायाचित्रकार दिस्देरीने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पुढच्या दशकात त्याची लाट आली. त्याहून मोठा, हाताच्या पंजाएवढा पुठ्ठा म्हणजे कॅबिनेट कार्ड, १८६० च्या दशकानंतरचं. गोल चित्र असेल तर ते कोडॅकच्या १८८८ पासूनच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचं असू शकतं. १९०० मध्ये स्वस्तातला ब्राउनी कॅमेरा आला आणि मग सामान्य कुटुंबंही सहलीला कॅमेरा घेऊन जाऊ लागली. चक्कीसमोरचे घरगुती फोटो त्यानंतर एकदम वाढतात.

पोस्टकार्ड असेल तर पाठ मधोमध रेघेने दुभंगलेली आहे का बघा. एका बाजूला पत्ता आणि दुसऱ्या बाजूला मजकूर ही सोय ब्रिटनमध्ये १९०२ ला, जर्मनीत १९०५ ला आणि अमेरिकेत १९०७ ला आली. म्हणजे दुभंगलेली पाठ असेल तर कार्ड त्या वर्षांनंतरचं. एक सावधगिरी: जुन्या निगेटिव्हवरून वीस वर्षांनीही कार्ड छापत. कार्डाची तारीख ही चित्राची तारीख असेलच असं नाही.

पाठीवर परक्या भाषेतला एखादा शब्द असेल तर तो फक्त ‘चक्की’ असा असू शकतो: डचमध्ये मोलेन, जर्मनमध्ये म्यूले, फ्रेंचमध्ये मुलँ, स्पॅनिशमध्ये मोलिनो. त्याला गावाचं नाव समजून नकाशात शोधत बसू नका.

तिसरी पायरी: स्कॅन

ओळख पटवायला बारकावे मोठे करून बघावे लागतात, म्हणून स्कॅन आधी. नेहमीच्या आकाराच्या प्रिंटसाठी ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरतो, छोट्या प्रिंटसाठी १२००, निगेटिव्हसाठी २४०० किंवा जास्त. फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. पिवळेपणा, शाईचा रंग, डाग हे सगळं पुढे कामाला येतं. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, पाठवापाठवीसाठी वेगळी जेपेग करा. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये जुना फोटो कधीच घालू नका. धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेड सोय पारंपरिक कृष्णधवल निगेटिव्हवर चालत नाही, चित्रच बिघडवते. ती बंद ठेवा.

चारही कडा येऊ द्या, पांढरी किनारसुद्धा. पाठही स्कॅन करा, कोरी असली तरी.

आणि एक मनापासूनची विनंती. जुना फोटो ‘स्पष्ट’ करणारी किंवा रंगवणारी ॲप्स मूळ प्रतीवर वापरू नका. ती पात्यांवरची जाळी अंदाजाने नव्याने काढतात. सहा आडव्या पट्ट्यांच्या नऊ होतात, कापड लावलेलं पातं उघडं दिसायला लागतं. ज्या बारकाव्यावरून चक्की ओळखायची तोच बारकावा खोटा होतो. घरच्यांना रंगीत प्रत हवी असेल तर वेगळी करा आणि फाइलच्या नावातच तसं लिहा.

चौथी पायरी: फोटो सुलट आहे ना?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती. काही निगेटिव्ह मी स्कॅन करायला बाहेर दिले होते. परत आलेल्या चित्रांत एक सुंदर फोटो होता, चक्की आणि डावीकडे चर्चचा मनोरा. दोन महिने मी अशी जागा शोधत होते आणि एकही नकाशा जुळेना. शेवटी नजर गेली ती पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाकडे. वरचा खिसा त्याच्या छातीच्या उजव्या बाजूला होता आणि कोटाची उजवी कड डावीवर आलेली होती. पुरुषांच्या कोटाचं नेमकं उलट असतं. निगेटिव्ह पालथं ठेवून स्कॅन झालं होतं. चित्र आरशासारखं फिरवलं आणि चर्च जागेवर आलं.

चक्कीच्या फोटोत हे तपासायला कोटाचीही गरज नाही, पाती पुरतात. पाती तुमच्या बाजूला आहेत, म्हणजे चक्कीकडे समोरून बघतोय, असं धरा. डच चक्की समोरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. म्हणजे सर्वांत वरचं पातं डावीकडे चाललेलं असतं. प्रत्येक पात्याच्या मधून एक जाड दांडा जातो. दांड्याच्या पुढच्या बाजूला अरुंद फळ्या असतात आणि मागच्या बाजूला रुंद जाळी, जिच्यावर शिडाचं कापड पसरतात. म्हणून सरळ उभ्या वरच्या पात्यात रुंद जाळी दांड्याच्या उजवीकडे दिसली पाहिजे आणि खालच्या पात्यात डावीकडे. उलटं दिसलं तर चित्र उलटं असण्याची दाट शंका घ्या. इंग्लंडमध्येही बहुतेक चक्क्या याच दिशेने फिरतात, पण तिथे उलट फिरणाऱ्याही आहेत आणि काही पात्यांना दोन्ही बाजूंनी झडपा असतात, त्यामुळे तिथे कोटाची, पाटीवरच्या अक्षरांची साक्षही काढा.

डॅगेरोटाइप आणि टिनटाइप हे पत्र्यावरचे फोटो मुळातच आरशासारखे उलटे येतात. ती कोणाची चूक नाही. मूळ स्कॅन तसंच ठेवा, ओळखीच्या कामासाठी फिरवलेली प्रत वेगळी करा.

उलट-सुलटचा हा प्रश्न डच कुटुंबांच्या फोटोत आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. थांबवलेल्या चक्कीची पाती कशी ठेवायची याला तिथे अर्थ असतो. बहुतेक भागांत, वरचं पातं शिखराला पोचायच्या जरा आधी थांबवलं असेल तर घरात आनंद आहे, लग्न किंवा जन्म. शिखर ओलांडून जरा पुढे थांबवलं असेल तर दुखवटा. समोरून बघताना आनंदाचं पातं उभ्या रेषेच्या किंचित उजवीकडे असतं, दुखवट्याचं किंचित डावीकडे. सरळ अधिकचं चिन्ह म्हणजे थोडी विश्रांती, तिरकी फुली म्हणजे लांबची. आता विचार करा: चित्र उलटं स्कॅन झालं तर लग्नाचा फोटो मृत्यूचा होतो. अल्बममधली माणसं काळ्या कपड्यांत असतील तर त्या चुकीवर आपला विश्वासही बसतो, आणि त्या काळात काळे कपडे तर लग्नातही घालत. मात्र ही खूण तिरप्या कोनातून घेतलेल्या फोटोत वाचू नका, आणि चालत्या चक्कीचा एक क्षण टिपलेला असेल तर तिला काहीच अर्थ नाही.

पाचवी पायरी: चक्कीचा प्रकार

पहिला प्रश्न: वाऱ्याकडे तोंड करायला काय फिरतं? सगळं लाकडी घरच एका जाड खांबाभोवती फिरत असेल तर ती खांबावरची चक्की, युरोपातला सर्वांत जुना प्रकार. बाहेरून तो उंचावर टेकवलेल्या लाकडी खोलीसारखा दिसतो, मागे लांब जिना आणि चक्की वळवायचा दांडा. अंग जागेवर आणि फक्त टोपी फिरत असेल तर दोन शक्यता: अंग विटांचं किंवा दगडाचं असेल तर मनोरा-चक्की, लाकडी, बहुधा आठ बाजूंचं आणि वर निमुळतं होत गेलेलं असेल तर इंग्रजीत जिला ‘स्मॉक मिल’ म्हणतात ती. स्मॉक म्हणजे शेतकऱ्यांचा घोळदार अंगरखा, आणि आकार खरंच तसा दिसतो.

मग टोपी. इंग्लंडमध्ये टोपीवरून परगणा कळतो: नॉरफोकमध्ये उलट्या होडीसारखी, लिंकनशरमध्ये कांद्यासारखी, वर गोळा असलेली, केंटमध्ये छोट्या लाकडी घरासारखी. पाती चारच्या ऐवजी पाच, सहा किंवा आठ दिसली तर शोध आधी लिंकनशरमध्ये घ्या. टोपीच्या मागे छोटा पंखा असेल तर चक्की स्वतःहून वाऱ्याकडे वळणारी. ही युक्ती एडमंड ली याने १७४५ मध्ये पेटंट केली. डच चक्क्यांत पंख्याऐवजी बहुधा मागे जमिनीपर्यंत किंवा मधल्या सज्जापर्यंत येणारे दांडे आणि ते ओढायचं चाक दिसतं.

टेकडीवर पांढरे, बुटके, दंडगोल मनोरे ओळीने उभे असतील तर स्पेनचा ला मांचा प्रदेश. पात्यांऐवजी चाकाच्या आऱ्यांना बांधलेली त्रिकोणी शिडं असतील तर मिकोनोससारखी ग्रीक बेटं. लोखंडी मनोऱ्यावर पुष्कळ पात्यांचं चाक असेल तर ती दळणाची चक्की नाही, पाणी उपसणारा अमेरिकी पद्धतीचा पवनपंप आहे.

सहावी पायरी: तारीख आवळत आणणं

एका खुणेवरून तारीख ठरत नाही. ‘याच्या आधी नाही’ आणि ‘याच्या नंतर नाही’ अशा दोन टोकांमधलं अंतर कमी करत जायचं.

लिंकनशरमधल्या हेकिंग्टनची १८३० सालची चक्की घ्या. तिला आधी पाच पाती होती. १८९० च्या वादळात ती पाती गेली आणि १८९२ मध्ये बॉस्टन गावातल्या दुसऱ्या चक्कीची आठ पाती तिथे चढवली. तुमच्या फोटोत पाच मोजली तर फोटो १८९० च्या आधीचा, आठ मोजली तर १८९२ नंतरचा. सरे परगण्यातल्या आउटवुडला १६६५ ची खांबावरची चक्की आजही उभी आहे. तिच्या शेजारची स्मॉक मिल १९६० मध्ये कोसळली. दोन्ही दिसत असतील तर त्या वर्षाआधीचा फोटो. ससेक्समध्ये क्लेटनच्या टेकडीवर ‘जॅक’ आणि ‘जिल’ अशी जोडी आहे. जिल मूळची ब्रायटनची, १८५२ मध्ये तिथून हलवलेली. जॅक १८६६ ची. जोडी दिसली की खालचं टोक मिळालं: फोटो १८६६ च्या आधीचा नाही. चक्क्या अशा हलवत असत हेही यातून ध्यानात ठेवा: चक्की ओळखली म्हणजे जागा ओळखली असं नेहमीच होत नाही.

डच चक्कीत पात्यांची पुढची कड पत्र्याने मढवून विमानाच्या पंखासारखी गोलसर केलेली दिसली तर ती डेकर पद्धत, १९२७ नंतरची. इंग्लंडमध्ये झडपांची, आपोआप उघडमीट होणारी पाती विल्यम क्यूबिटच्या १८०७ च्या पेटंटनंतरची. फोटोंच्या काळात ती सर्रास होती, त्यामुळे तारखेला तिचा उपयोग नाही.

उतरती कळाही मोजता येते. आधी चार पाती, मग दोनच (कित्येक चक्क्या दोन पात्यांवर वर्षानुवर्षं दळत राहिल्या), मग नुसते दांडे, मग टोपीचा सांगाडा, मग उघडा मनोरा. त्याच चक्कीची तारीख असलेली दोन-तीन पोस्टकार्डं मिळाली तर तुमचा फोटो त्या क्रमात कुठे बसतो ते कळतं.

सातवी पायरी: नाव शोधणं

डच चक्कीच्या टोपीच्या पुढच्या बाजूला, पात्यांच्या धुरीखाली, एक रंगवलेली लाकडी पाटी असते. तिला ‘दाढी’च म्हणतात. तिच्यावर बहुधा चक्कीचं नाव आणि साल लिहिलेलं असतं. स्कॅन पूर्ण मोठं करून आधी तिथे बघा. चार आकड्यांपैकी दोन लागले तरी शोध सोपा होतो. साल बांधकामाचं असेल किंवा पुनर्बांधणीचं.

पाटी वाचता आली नाही तर नकाशे. ब्रिटनसाठी ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा खात्याचे जुने मोठ्या प्रमाणाचे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. त्यांत चक्की, जुनी चक्की, बंद पडलेली चक्की अशा नोंदी वेगळ्या असतात. नेदरलँड्ससाठी ‘टोपोटाइडराइस’ या संकेतस्थळावर एकाच जागेचे १८१५ पासूनचे नकाशे वर्षं सरकवत बघता येतात. चक्की कोणत्या नकाशात आहे आणि कोणत्यात नाहीशी होते हे बघितलं की आणखी एक टोक हाती लागतं. नष्ट झालेल्या डच चक्क्यांची स्वतंत्र सूचीही आहे, चित्रांसकट. इंग्लंडमध्ये रेडिंग इथे २००२ पासून ‘मिल्स आर्काइव्ह’ हा संग्रह काम करतो. नेदरलँड्समध्ये ‘दे होलंट्सं मोलेन’ ही संस्था १९२३ पासून चक्क्यांसाठी झटते. अशा ठिकाणी विचारताना पूर्ण फोटो, पाठ आणि कुटुंब कोणत्या भागातलं एवढं पाठवा. कापलेला फोटो पाठवू नका.

कुटुंबाचं आडनाव मुल्डर, मोलेनार, म्युलर, मिलर असं असेल तर हुरळून जाऊ नका. पूर्वज कधीतरी चक्कीवाले होते एवढंच त्यातून कळतं. समोरची चक्की त्यांची होती हे सिद्ध होत नाही. त्यासाठी माणसं कशी उभी आहेत ते बघा. सहलीला आलेले चक्कीपासून लांब, छान उजेडात उभे राहतात. चक्कीवाला दारात उभा असतो, बाही दुमडलेली, कपड्यांवर पिठाची पांढुरकी झाक, कधी वरच्या सज्जात हाताखालचा पोरगा वाकून बघत असतो. त्या पोराकडे नक्की लक्ष द्या. पुढच्या रांगेत तो नसतो, म्हणून त्याचं नाव कोणी लिहीत नाही.

आठवी पायरी: लिहून ठेवणं आणि जपणं

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला जाताना मोबाईल नेऊ नका, मोठी छापील प्रत न्या आणि टेबलावर ठेवा. “हे कोण?” असं सुरुवातीला विचारू नका. “फोटो कोणी काढला असेल?” असं विचारा. त्या प्रश्नावर माणसं जागा आणि दिवस आठवायला लागतात.

नोंद करताना प्रत्येक गोष्टीपुढे ती कशावरून कळली ते लिहा: ‘पाठीवर लिहिलंय’, ‘आत्याने सांगितलं’, ‘पात्यांवरून अंदाज’. नुसतं ‘१९१२’ लिहिलं की दहा वर्षांनी तो अंदाज होता हे कोणालाच कळत नाही. मूळ प्रिंटवर लिहायचंच असेल तर पाठीला, कडेजवळ, मऊ पेन्सिलीने, फोटो सपाट जागेवर ठेवून आणि न दाबता. बॉलपेन नको. प्लास्टिकचा थर असलेल्या अलीकडच्या प्रिंटवर पेन्सिल उमटत नाही. तिथे पाकिटावर लिहा, आणि फोटो आत घालायच्या आधी.

पाकिटं आम्लमुक्त कागदाची किंवा पॉलिएस्टरची, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. पीव्हीसीची नकोत. जागा थंड, कोरडी, अंधारी. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के राहिली तर उत्तम. माळा आणि तळघर टाळा. डिजिटल प्रतींच्या तीन जागा करा, त्यातली एक घराबाहेर.

एखाद्या संग्रहाला प्रत द्यायची असेल तर हक्काचा प्रश्न येतो. प्रिंट तुमच्याकडे आहे म्हणजे त्याचा कॉपीराइट तुमचा असतोच असं नाही. तो बहुतेक वेळा फोटो काढणाऱ्याचा असतो आणि ब्रिटन व युरोपीय संघात सर्वसाधारणपणे त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. आजीने काढलेला फोटो आणि स्टुडिओवाल्याने काढलेला फोटो यांत म्हणून फरक आहे; पाठीवर स्टुडिओचा शिक्का असेल तर तसं स्पष्ट कळवा.

आणि फोटो पुसट आहे, चक्की अर्धीच आहे म्हणून द्यायचं टाळू नका. पोस्टकार्डवाले चक्कीची देखणी बाजू टिपत, रस्त्याकडची. घरची माणसं मात्र मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीजवळ, जिन्याच्या पायरीवर उभी राहत. चक्की पुन्हा उभारणाऱ्या सुताराला मागचा जिना किती पायऱ्यांचा होता आणि दांडा कुठे बांधत होते हे विचारायचं असतं, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा अशाच एखाद्या हललेल्या फोटोत असतं.